आधी बरणी, मग नाव

मृग लागला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. न्हाणीच्या दगडाखालची सापसुरळी, विहिरीच्या कठड्यावरचा सरडा, टाकीत शिरलेला बेडूक. ‘काका, हे काय आहे?’ हा प्रश्न मला मनापासून आवडतो आणि रात्री अकरा वाजताही मी त्याचं उत्तर देतो. पण पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : ‘काय खातं?’ तो आला की मला कळतं, जनावर बरणीत गेलं. माझा राग या दुसऱ्या प्रश्नावर आहे. विचारणाऱ्या पोरांपेक्षा त्यांच्या हातात बरणी देणाऱ्या आईबापांवर तो जास्त आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारी अशी एक बरणी पाहिली. लोणच्याची, प्लास्टिकची. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली, त्यांच्या धारा आतल्या बाजूला वळलेल्या. आत बोटभर लांबीची, लाल शेपटीची सापसुरळी. घरच्यांनी ती ‘सापाचं पिल्लू’ म्हणून धरली होती. मी म्हटलं, दोन मिनिटं नुसतं बघा. तिने पापणी मिटली. सापाला मिटणारी पापणी नसते. अंगाला चिकटलेले चार इवलेसे पायही होते, पण ते पाहायला कुणी वाकलंच नव्हतं. मी वाकलो तेव्हा दिसलं, तिच्या नाकाचा शेंडा सोलून निघाला होता. पारदर्शक भिंत म्हणजे काय हे तिला कळत नाही. उजेड दिसेल तिकडे ती नाक घासत राहते, दिवसभर. तळाशी भाताची चार शितं. जी वाळवी आणि नाकतोडे खाते तिला भात! याला पाळणं म्हणू नका. हे उपाशी कोंडणं आहे. तिसऱ्या दिवशी ती मेली.

‘आम्ही नीट काळजी घेऊ’ असं सांगणारे यापेक्षा वाईट, कारण ते हाल लांबवतात. सरड्याला ऊन लागतं, आणि ते खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही. काच अतिनील किरण अडवते, ते नसले की ड जीवनसत्त्व तयार होत नाही, हाडं मऊ पडतात, जबडा वाकडा होतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. श्वासही बराचसा कातडीतूनच घेतो. तुमच्या हाताचा साबण, डासांचं मलम, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हे सगळं त्या कातडीवाटे थेट त्याच्या अंगात जातं. हातात घेऊन फोटो काढलात, त्याच्यापुरता तेवढाही त्रास पुरेसा आहे.

सापांच्या बाबतीत हाच हव्यास माणसाच्या जिवावर येतो. घोणशीचं पिल्लू ‘अजगराचं’ म्हणून बादलीत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या गोलसर ठिपक्यांच्या रांगा असतात, अजगराचे डाग वेडेवाकडे. घोणस जन्मतःच विषारी असते, पिल्लू म्हणून तिला सूट नाही. कवड्या आणि मण्यारीचा घोळ तर घरोघरी. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे शेपटीकडे ठळक. पण मण्यारीच्या पिल्लाला पट्टे पुढेही असू शकतात, म्हणून ही खूण दुरून वापरायची. काठीने उचलून पडताळायची नाही. मण्यार रात्री चावते, दुखत फारसं नाही, सूजही येत नाही, आणि माणूस झोपेतच जातो. याच घोळात बिचारा बिनविषारी कवड्या काठीखाली मरतो. म्हणजे अर्धवट ओळख दोन्हीकडून मारते.

एका शाळेने मुलांना प्रकल्प दिला होता : परसातला एक प्राणी आणा, निरीक्षण करा. वर्गाच्या खिडकीत बाटल्यांची रांग लागली. निरीक्षण कसलं केलं असेल? बाटलीतला प्राणी फक्त बाटलीतून सुटायची धडपड करतो, दुसरं काही करत नाही. जनावर कुठे होतं, किती वाजता, कशावर बसलं होतं, कसा आवाज काढत होतं, यावर अर्धी ओळख असते, आणि उचलल्याक्षणी ती अर्धी ओळख संपते. झाडबेडूक ओळखायचा तर सिमेंटच्या टाकीच्या आतल्या भिंतीला चिकटलेला पांढरा फेस बघा. मादी मागच्या पायांनी तो घुसळते, अंडी आत ओली राहतात, काही दिवसांनी पिल्लं खालच्या पाण्यात टपाटप पडतात. हे पाहायला तिकीट नाही. आपण मात्र तो फेस ब्रशने खरवडून काढतो आणि मग मुलाला बेडकाचं चित्र चिकटवायला बसवतो.

आंबोलीच्या जांभ्या कातळावरचा भेक 2009 साली शास्त्राच्या यादीत आला. कातळावरच्या खळग्यांत पावसाचं पाणी साचतं, त्यातच त्याची वीण होते. तो भेक म्हणजे तो कातळ आणि तो पाऊस. घरी आणून काय आणणार?

कायदाही आहेच. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 सालचा, घोरपडीपासून मांडुळापर्यंत अनेकांना त्याचं कवच आहे. तरी ‘वास्तूला चांगलं’ म्हणून स्टार कासव टबात ठेवणारी सुशिक्षित घरं मला माहीत आहेत, आणि त्या घरांतून मी पाणीही न घेता उठलो आहे.

तुमच्या घरी आत्ता अशी बरणी असेल, तर उद्याची वाट पाहू नका. बेडूक असेल तर अंधार पडल्यावर, सापसुरळी किंवा सरडा असेल तर ऊन असताना, जिथून उचललंत नेमकं तिथेच नेऊन बरणी आडवी करा. ते आपणहून निघेल, ढकलू नका. साप असेल तर बरणीला हात लावू नका. सर्पमित्राला किंवा वनखात्याला फोन करा. आणि जनावर धरताना जो चिरा उलटवला होता तो होता तसा पालथा घाला, खाली अजून अंडी असतील.