खाडीकाठची चित्रकला

शाळकरी मुलाला नदीचे चित्र काढावयास सांगितले, तर बहुधा दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून डोकावणारा सूर्य आणि पायथ्याशी एक निळी वळणदार रेघ कागदावर उमटते. त्या नदीवर राबणारा माणूस नसतो. मीरा रोडच्या नया नगरातील मुले हेच चित्र काढीत असतील, तर दोष त्यांचा नाही. नदी पाहावयास त्यांना कोणी शिकविलेलेच नाही.

वस्तुतः नया नगरातील घरांत नळाने येणारे पाणी उल्हास खोऱ्यातले आहे. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी कर्जत, बदलापूर, कल्याण मागे टाकते, वाटेवरील कारखान्यांचे सांडपाणी पोटात घेते आणि मीरा रोडच्या पुढच्याच स्थानकापलीकडे, भाईंदर व नायगाव यांच्यामध्ये, वसईची खाडी होऊन समुद्राला मिळते. ही खाडी शोभेची नव्हे. डुबी मारून बादलीने रेती वर काढणाऱ्या मजुरांच्या श्वासावर मुंबई परिसरातील इमारती उभ्या राहिल्या. पुढे यांत्रिक पंप आले, डुबीवाल्यांचे काम गेले आणि काठही खचू लागले. भरतीचे पाणी अडवून येथील मिठागरांत मीठ पिकविले गेले. कोळ्यांची जाळी याच पाण्यात पडत आली. मासळी घटली, त्याची झळ प्रथम त्यांनाच लागली.

नया नगर ही १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वाढत गेलेली वसाहत. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबांनी मीरा रोडचा आसरा घेतला. जानेवारी २०२४ मध्ये या वस्तीत तणाव झाला, त्यापाठोपाठ बुलडोझर फिरले आणि वृत्तपत्रांना तिचे नाव आठवले. अशा वस्तीतील मुलांनी खाडीवरच्या कष्टकऱ्यांना पाहणे, त्यांच्या हत्यारांची नावे विचारून घेणे, वाकलेली पाठ कोळशाच्या कांडीने रेखाटणे, हे केवळ कलाशिक्षण नव्हे. आगरी, कोळी आणि बाहेरून आलेला चाकरमानी एकाच पाण्याच्या काठी राबतात, ही ओळख भाषणाने होत नाही. ती डोळ्यांनी व्हावी लागते. चित्तप्रसाद यांनी अंधेरीत राहून राबणाऱ्या बालकांची लिनोचित्रे कोरली. कष्टाचे चित्र काढण्याची परंपरा या लोकल मार्गाला परकी नाही.

‘आधी पोट, मग चित्र’ असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद गरिबांच्या हिताचा दिसतो. पण त्याचा अर्थ एवढाच होतो, की रंग सधनांच्या मुलांनी वापरावेत आणि इतरांनी त्यांच्या भिंती रंगवाव्यात.

खरा प्रश्न शिक्षकाचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाचा निदेशक सांगितला, पण तोही अंशकालीन आणि पटसंख्या शंभरावर असेल तरच. म्हणजे लहान शाळेतील मुलाला डोळे नाहीत, असे कायद्याने गृहीत धरले! तासांवर मोजून मानधन घेणारा हा शिक्षकही कंत्राटी कामगारच आहे. त्याच्या पोटाची शाश्वती नसताना त्याने मुलांना भरती-ओहोटीच्या वेळा पाहून खाडीवर कसे न्यावे? एखाद्या कंपनीने एक दिवसाची कार्यशाळा भरवून छायाचित्रे काढून घेतली, तर तिने ही उणीव भरून निघत नाही.

कार्यकर्त्यांना येथे काम आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. मराठी, उर्दू, हिंदी, कोणत्याही माध्यमाची शाळा असो, तेथील पालकांनी समितीत ठराव मांडावा: कलाशिक्षकाचे कायम पद, कागद-रंगांसाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात तरतूद आणि वर्षातून निदान काही तास खाडीकाठी. मागणी लहान आहे. पण ती मान्य झाली, तर पुढच्या वेळी मुलाच्या नदीवर माणूस दिसेल, आणि त्याच्या हातात काम असेल.