कापड कोणी विणले, कोणी शिवले? गिऱ्हाइकाला सांगायला आपण का घाबरतो?

कापड बाजारात बसून मला तीस वर्षे झाली. या तीस वर्षांत गिऱ्हाइकाने भाव विचारला, रंग जाईल का विचारले, उधारी मिळेल का हेही विचारले. हे कापड कोणी विणले, असे विचारणारे मात्र बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. मागच्या वर्षी एका शिक्षिका बाईंनी ते विचारले. मी सवयीने उत्तर दिले, "सुरतचा माल आहे." त्या म्हणाल्या, "सुरत तर गाव झाले भाईसाहेब, माणूस कोण?" मी बिल काढून पाहिले. त्यावर दलालाचे नाव होते, आडतीचे नाव होते, ट्रान्सपोर्टचे नाव होते. विणणाऱ्याचे नाव नव्हते. ते नाव मलाही ठाऊक नव्हते.

आपल्या धंद्यात हे नाव कळत नाही असे नाही, पुष्कळदा ते मुद्दाम लपवले जाते. ताग्यावरची चिठ्ठी काढून टाकायची, शिक्क्याची बाजू आत घडी घालायची, शिवणाऱ्या कारीगराला मागच्या दाराने बोलवायचे, हे सर्व आपण करतो. मीही केले आहे. मालेगावहून आलेल्या मालाच्या चिठ्ठ्या मी स्वतः बसून काढल्या आहेत. कारण एकच, गिऱ्हाईक थेट कारीगराकडे गेले तर आपल्या गल्ल्यात काय येणार? ही भीती अगदीच खोटी नाही. पण या लपवालपवीची किंमत आपण किती मोजली, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

नगर हे मुळात विणकरांचे गाव. १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये नगर आणि भिंगारच्या लुगडी विणण्याच्या धंद्याची नोंद आहे. पद्मशाली, साळी, कोष्टी, मोमीन असे अनेक हात या कामात होते. आज आपल्या जिल्ह्यातील किती मुलांना आपल्या आजोबांचा माग आठवतो? गिरण्यांनी आणि यंत्रमागांनी हातमाग मारला हे खरेच आहे. पण नगरची लुगडी गिऱ्हाइकाला नेहमी दुकानदाराच्या नावाने मिळाली. त्यामुळे माग बंद पडला तेव्हा हळहळणारे गिऱ्हाईकही उरले नाही. दुकान चालू होते, दुसऱ्या गावचा माल येत होता, त्याला काय फरक पडला?

येवल्याचे उदाहरण पाहा. कोपरगाव ओलांडले की मनमाड रस्त्यावर येवला. शिर्डीला आलेली मंडळी वाट वाकडी करून पैठणीसाठी तेथे जातात आणि विणकराच्या घरात माग बघतात. साधी पैठणी विणायला काही आठवडे जातात, भरगच्च पदराची असेल तर अनेक महिने. हे डोळ्यांनी पाहिलेली बाई भाव करताना जीभ आवरते. पैठणीला २०१० साली भौगोलिक ओळख मिळाली. त्याचा उपयोग झाला, पण माझ्या मते खरे काम केले ते त्या उघड्या दाराने.

उलट जेथे दार बंद तेथे काय होते तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडून एका कुटुंबाने लग्नासाठी पैठणी नेली. मला ती हातमागाची म्हणून मिळाली होती, मीही तशीच विकली. आठ दिवसांनी ते लोक परत आले. त्यांच्या एका नातेवाईक बाईंनी पदर उलटा करून दाखवला होता. हातच्या पैठणीत काठ-पदराची नक्षी मागून-पुढून सारखीच दिसते, यात मागे धाग्यांचे जाळे लोंबत होते. मी पैसे परत केले. ज्याने माल दिला त्याने हात वर केले, कारण त्यालाही तो दुसऱ्याकडून आला होता. त्या साखळीत एकाही माणसाचे नाव नव्हते, मग जाब कोणाला विचारणार? मालाचा ऐब लपवू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. इथे तर ऐब कुठे आहे हेच मला माहीत नव्हते, आणि माझ्या मते ती सबब होऊ शकत नाही.

कायद्याने यावर काही केले नाही असे नाही. काही वाण फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ सालीच झाला. २००६ साली केंद्राने 'हँडलूम मार्क' सुरू केला, २०१५ साली 'इंडिया हँडलूम ब्रँड' आला. ही खूण माल हातमागाचा आहे एवढे सांगते. गावाच्या नावाचेही तसेच. सोलापुरी चादरीला भौगोलिक ओळख असूनही पानिपतचा माल सोलापूरच्या नावाने राजरोस विकला जातो. जुन्या चांगल्या चादरीत कारखान्याचे नाव विणलेले असे आणि लोक ते नाव बघून चादर घेत. चिठ्ठी काढता येते, विणलेले नाव कसे काढणार?

ज्यांच्या नावाने आता आपला जिल्हा ओळखला जातो, त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातील चौंडीच्या. त्यांनी महेश्वरला विणकर वसवले आणि महेश्वरी साडीचा धंदा उभा राहिला. विसाव्या शतकात तो मोडकळीस आला, तेव्हा १९७९ साली होळकर घराण्यातील मंडळींनी रेवा सोसायटी काढली, स्त्रियांना मागावर बसवले आणि त्यांचा माल मोठ्या शहरांतल्या गिऱ्हाइकांसमोर नेला. आज महेश्वरमध्ये अन्सारी विणकरांची घरेच्या घरे या धंद्यावर आहेत. जिल्ह्याचे नाव बदलले तेव्हा भाषणे पुष्कळ झाली, या गोष्टीचा उल्लेख निदान मी तरी ऐकला नाही.

मोठ्या कंपन्यांना हा धडा फार महाग पडला. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि शिलाई करणारे अकराशेहून अधिक मजूर गेले. आपला माल तेथे शिवला जात होता की नाही, हे काही परदेशी कंपन्यांना सांगता येईना. ढिगाऱ्यातून त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा कळले. त्यानंतर युरोपातील गिऱ्हाइके "माझे कपडे कोणी केले?" असे विचारू लागली, आणि कित्येक कंपन्यांना आपल्या कारखान्यांच्या याद्या जाहीर कराव्या लागल्या.

कोणी म्हणेल, यंत्रमागाच्या कापडाला एक माणूस कुठे असतो? बरोबर आहे. सायझिंग एकीकडे, माग मालेगाव-भिवंडीत, रंगाई आणखी तिसऱ्याच गावी. एक मजूर बारा तासांच्या पाळीत अनेक माग सांभाळतो. तेथे माणसाचे नाव लिहिता येणार नाही, पण गाव आणि कारखाना लिहिता येतो. शिलाईत तर काहीच अडचण नाही. आपल्या गल्लीतले खलिफा आपल्याला नावाने माहीत असतात.

म्हणून मागच्या रमजानच्या आधी मी नवे बिलबुक छापून घेतले. खाली दोन ओळी वाढवल्या, "कापड कोठले" आणि "शिवणार". शेजारच्या दुकानदारांनी थट्टा केली. एक म्हणाला, "हाजीसाब, आता गिऱ्हाइकाला कारीगराच्या घरापर्यंत रिक्षाही करून द्या." नुकसान झाले का? झाले. दोन गिऱ्हाइके परस्पर कारीगराकडे गेली. त्यांतले एक कापड घ्यायला पुन्हा माझ्याकडेच आले, दुसरे आले नाही. पण एक फायदा मी धरला नव्हता तो झाला. पूर्वी बाही आखूड झाली की गिऱ्हाईक माझ्याशी भांडत असे, आता ते नाव घेऊन सांगते की अमुक मास्तरांकडूनच शिवून द्या. ज्यांचे नाव घेऊन मागणी येऊ लागली त्या मास्तरांनी ईदच्या तोंडावर माझ्याकडे मजुरी वाढवून मागितली. मला द्यावी लागली. व्यापारी बंधूंना खरी भीती याचीच आहे हे मला ठाऊक आहे, गिऱ्हाईक जाण्याची नाही.

माझ्याकडे तीन कारीगर आहेत. दोघांची नावे बिलावर जातात. तिसरे वयाने मोठे, चाळीस वर्षे मशीनवर बसलेले. मी विचारले तेव्हा मान हलवून म्हणाले, "सेठ, माझे नाव टाकू नका. इतकी वर्षे कोणी विचारले नाही, आता काजात एखादा टाका चुकला तर नाव माझे जाईल." मी त्यांना थोडा वेळ घ्या म्हटले आहे. त्यांच्या मालाच्या बिलावर ती ओळ अजून कोरीच जाते.