लांकडी कुंपणाची निगा हा स्वतंत्र धंदा व्हावा

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतून जाणाऱ्यास बागाइताच्या कडेनें आज जीं कुंपणें दिसतात, त्यांत सिमेंटचे डांब व तारेची जाळी यांचाच भरणा अधिक आहे. तरीहि मळ्याचें फाटक, वस्तीभोंवतालचें आवार, गोठ्यापुढील कठडा, जुन्या वाड्याचें परसूं आणि अलीकडे निघालेल्या कृषिपर्यटनाच्या जागा इतक्या ठिकाणीं लांकडी कुंपण अजून टिकून आहे. बाभूळ, कडूनिंब व क्वचित् साग यांचे डांब रोवावयाचे, त्यांस आडव्या फळ्या ठोकावयाच्या, पहिल्या वर्षीं हौसेनें रंग द्यावयाचा आणि पुढें सर्व उन्हापावसाच्या स्वाधीन करावयाचें, असा बहुतेकांचा रिवाज आहे. चारसहा वर्षांनीं लांकूड भुरें पडतें, फळ्यांस चिरा जातात, एखादा डांब कलतो, मग मालक म्हणतो, "हें आतां गेलें, उपटून टाका." उपटलेलें लांकूड चुलींत जातें आणि नव्या खर्चास आरंभ होतो. आमचें म्हणणें असें कीं, जें गेलें म्हणून टाकण्यांत येतें, त्यांपैकीं पुष्कळसें गेलेलें नसतें. आणि तें वांचविण्याचें काम गड्याच्या फावल्या वेळावर न सोडतां जाणत्या कारागिराकडे ठराविक दरानें सोंपविणें, हेंच शेतकऱ्याच्या हिताचें आहे.

भुरेपणा म्हणजे कुजणें नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. लांकडाचे तंतू एकमेकांशीं जखडून ठेवणारें लिग्निन नांवाचें जें द्रव्य असतें, तें सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांनीं पृष्ठभागावर विघटित होतें. पाऊस तें धुवून नेतो, व मागें सुटे झालेले करडे तंतू राहतात. ही झीज फार संथ असते. थंड मुलखांतील मऊ लांकडावर ती शंभर वर्षांत सुमारें ५ ते ६ मिलिमीटर आढळली आहे. आपली बाभूळ त्याहून पुष्कळच घट्ट. अर्थात् भुऱ्या थराखालीं लांकूड बहुधा शाबूत असतें. कुजण्याची क्रिया अगदीं निराळी. ती बुरशीमुळें होते, आणि बुरशीस ओल लागते. लांकडांतील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखालीं राहिला, तर कूज वाढत नाहीं. म्हणूनच डांब कुजतो तो बहुधा मध्यावर नव्हे, तर जमिनीलगतच्या वीतभर भागांत, जेथें ओल व हवा ही दोन्ही एकत्र मिळतात. वाळवीहि तेथूनच शिरते.

आपल्या भागांत या दोन्ही शत्रूंस मोकळें रान आहे. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. वर्षाचा पाऊस सरासरीनें ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यांतला मोठा वांटा सप्टेंबरांत पडावयाचा. उरलेलें वर्ष बहुतेक उघडें ऊन. खालून मात्र पाटाचें पाणी. नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला, आणि त्याबरोबर ऊंस आला तशी काळ्या जमिनींत पाणी मुरून ती खारवट व चोपण होण्याची पीडाहि आली. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झाल्यावर इंदापूरच्या भीमाकांठाचेंहि रूप पालटलें. अशा जमिनींतला डांब वरून उन्हानें तडकतो व खालून ओलीनें कुजतो. शिवाय काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, त्यामुळें तो हलतो हें निराळेंच. रोग दोन असल्यामुळें उपायहि दोन हवेत. वरून एक कुंचला फिरविल्यानें भागत नाहीं.

या कामाचा खरा जाणता पहिल्या दिवशीं रंगाचा डबा उघडीतच नाहीं. तो टोचा घेऊन प्रत्येक डांबाच्या बुडाशीं वीतभर माती उकरतो व टोंचून पाहतो. टोचा कष्टानें शिरला तर डांब ठेवावा. मऊ लोण्यांत शिरल्यासारखा गेला तर तेवढाच डांब बदलावा, अथवा कुजका भाग कापून शेजारीं दगडाचा वा लोखंडाचा आधार द्यावा. नव्या खड्ड्यांत काळी माती न लोटतां मुरूम ठासावा, म्हणजे पाणी निथरून जातें. आणि बुडाशीं मातीचा उतार बाहेरच्या बाजूस ठेवावा. डांबाचा माथा तिरका तासावा, त्यावर पाणी सांचूं देऊं नये. बूड आगींत भाजून पुरण्याची जुनी चाल आहे. परंतु भाजलेला थर तडकलेला असतो व आंतील लांकूड त्यानें औषधी होत नाहीं, म्हणून तेवढ्यावर विसंबूं नये.

एवढें झाल्यावर सफाई. काथ्याच्या कुंच्यानें व साध्या पाण्यानें, तंतूंच्या दिशेनें, करडा थर घासून काढावा. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्यानें तें काम लवकर होतें खरें, पण त्यानें मऊ तंतू उखडून लांकूड केंसाळ होतें. खिळ्यांभोंवतीं काळे डाग असतात, ते लोखंड व लांकडांतील टॅनिन यांच्या संयोगाचे. पाण्यांत विरविलेल्या ऑक्झॅलिक आम्लानें ते निघतात. हें आम्ल विषारी असल्यामुळें हातमोजे व चष्मा वापरावा, गुरें दूर बांधावींत व नंतर लांकूड भरपूर पाण्यानें धुवावें. मग कांहीं कोरडे दिवस तें वाळूं द्यावें. वाळलें कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे : पाण्याचा थेंब ठेवावा, तो तत्काळ आंत शोषला गेला तर लांकूड तेल घेण्यास तयार आहे असें समजावें.

तेल कोणतें द्यावें, याविषयीं आमचें मत ठाम आहे. उघड्यावरच्या जुन्या लांकडास जाड रंग वा व्हार्निश देऊं नये. त्याचा पापुद्रा धरतो, उन्हानें त्यास चीर जाते, चिरेंतून पाणी आंत शिरतें व पापुद्र्याखालीं कोंडून राहतें. ओल्या डांबावर डांबर फांसल्यानें हाच परिणाम होतो. त्याऐवजीं आंत मुरणारा तेलाचा हात द्यावा. रंगाऱ्यांचें बेलतेल, म्हणजे उकळलेलें जवसाचें तेल, टर्पेंटाइननें पातळ करून त्यांत गेरू वा काव यांसारखा मातीचा रंग मिसळावा. हा रंग केवळ शोभेसाठीं नव्हे. त्यांतील लोहभस्माचे कण अतिनील किरण अडवितात, आणि तेच काम नुसतें तेल करूं शकत नाहीं. नुसत्या तेलावर बुरशीहि धरते, म्हणून बुरशीनाशक घातलेलें तयार मिश्रण मिळाल्यास तें अधिक बरें. हात पातळ द्यावा, फळ्यांच्या कापलेल्या टोंकांस दोनदां द्यावा, व पाऊण घटकेनें उरलेलें तेल पुसून घ्यावें. काम दिवाळीनंतर, मार्गशीर्ष ते माघ या काळांत, लांकूड तापण्यापूर्वीं सकाळीं करावें. एक इशारा विसरूं नये : जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्या ढिगानें पडूं दिल्यास आपोआप पेट घेतात. उंसाच्या पाचटाशेजारीं असा ढीग म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. चिंध्या पाण्याच्या बादलींत बुडवाव्यात, अथवा एकेक पसरून वाळवाव्यात.

आतां जळक्या ऑइलविषयीं. ट्रॅक्टरचें वा मोटारीचें निघालेलें काळें ऑइल फुकट मिळतें, म्हणून तें डांबांस चोपडण्याची चाल गांवोगांव पडली आहे. तें पाणी कांहीं काळ परतवितें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तें लांकडांत पक्कें बसत नाहीं; उन्हानें पातळ होऊन ओघळतें व बांधाच्या मातींत उतरतें. त्यांत इंजिनाच्या झिजेचे धातुकण व कर्करोगास कारण होणारीं द्रव्यें असतात. घातक कचऱ्याविषयींच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या ऑइलचा अंतर्भाव आहे, तो उगीच नव्हे. ज्या विहिरीचें पाणी आपलीं मुलें पितात व ज्या द्राक्षांची परदेशी पाठवणीपूर्वीं कसून तपासणी होते, त्यांच्या कडेस हें विष आपल्याच हातांनीं ओतणें शहाणपणाचें नाहीं. फुकटाचें ऑइल अखेर सर्वांत महाग पडतें.

औषधांचा इतिहासहि हाच धडा देतो. लांकडांत दाबानें क्रिओसोट भरण्याची युक्ति इंग्लंडांत जॉन बेथेल यानें १८३८ सालीं पेटंट केली. पुढें १९३३ सालीं डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेशन् या भारतीय शास्त्रज्ञानें तांबें, क्रोमियम व सोमल यांचें मिश्रण सिद्ध केलें. तें लांकडांत पक्कें बसतें व जमिनींतल्या डांबास वाळवी आणि बुरशी या दोहोंपासून राखतें. साऱ्या जगानें तें उचललें. परंतु सोमलाच्या धास्तीमुळें अमेरिकेंतील उत्पादकांनीं घरगुती वापराच्या लांकडासाठीं २००३ सालाअखेर तें बंद केलें. यावरून असें नव्हे कीं औषध वर्ज्य. तर असें कीं औषध जाणत्यानें, जागा पाहून, मापानें द्यावें. गव्हाणीस व मुलांच्या हातीं लागणाऱ्या कठड्यास सोमलाचें लांकूड वापरूं नये, आणि तें चुलींत तर कधींच जाळूं नये. टाकणखार तुलनेनें सौम्य. तो बुरशी व किडा दोन्हीं आवरतो, पण पावसानें धुपतो. म्हणून तो जमिनीच्या वरच्या भागास देऊन त्यावर तेलाचा हात हवा.

हें सारें वाचून कोणी म्हणेल कीं, इतका उपद्व्याप कोण करणार? आमचा मुद्दा नेमका तोच आहे. ज्याला दहा कामें आहेत त्या शेतकऱ्यानें तो करूं नये. ज्याचा तो धंदा आहे त्यानें करावा. पूर्वीं बलुत्याच्या पद्धतींत सुतार नांगर, कुळव, मोट व कवाडें यांची निगा सालभर राखी आणि खळ्यावर धान्य नेई. लोखंडी अवजारें व ट्रॅक्टर आले तसें त्याचें काम गेलें, आणि कामाबरोबर लांकूड ओळखणारा डोळाहि गांवांतून निघून चालला. बलुतें परत यावें असें आम्ही म्हणत नाहीं. जन्मावरून माणसास धंद्याशीं बांधणारी व मोबदल्यासाठीं दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवणारी ती रीत गेली तें बरेंच झालें. आम्हांस हवा आहे तो रोख दराचा, लेखी कराराचा, कोणत्याहि जातीच्या तरुणास शिकतां येईल असा धंदा.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याचें उत्तर हिशेबानें द्यावें. समजा, शंभर डांबांच्या कुंपणांत वीस डांब बुडाशीं गेले आहेत. सर्व उपटल्यास ऐंशी चांगल्या डांबांची किंमत व मजुरी व्यर्थ जाते. वीसच बदलून बाकीच्यांस तेल दिल्यास ती वांचते. पुढें दर दोनतीन वर्षांनीं धुवून एक हात दिला कीं पुरे. जेथें लांकूड खरेंच संपलें आहे, अथवा जमीन सदा उपळते, तेथें सिमेंटचा डांबच योग्य; त्याविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं.

शिवाय धारणा लहान होत चालल्या, तसा कुंपणाचा भार वाढला आहे. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पुणें जिल्ह्यांतील पिंपळे सौदागर या गांवाची जी पाहणी १९१७ सालीं प्रसिद्ध केली, तींत १७७१ सालची ४० एकरांची सरासरी धारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आल्याचें दाखविलें आहे. तेव्हांपासून वांटण्या थांबल्या नाहींत. दहा एकरांच्या चौरस रानास २,६४० फूट कुंपण लागतें; तेंच एकेक एकराचे दहा सुटे चौरस झाले तर ८,३५० फूट. एकट्यानें हा खर्च पेलत नाहीं, म्हणून सामाईक बांधाच्या दोन्ही धन्यांनीं करार एकत्र करावा, हेंच उचित.

आमच्या सूचना येणेंप्रमाणें आहेत. आपल्या संघानें प्रत्येक मोठ्या गांवीं निदान दोन तरुणांस हें काम शिकविण्याची तजवीज करावी. टोचा, कुंचे, हातमोजे व तेल एकत्र खरेदीनें त्यांस द्यावें. दर दोन भागांत ठरवावा : सफाई व तेल यांचा धांवत्या फुटावर, आणि डांब बदलण्याचा नगावर, म्हणजे कारागिरास चांगला डांब उपटण्याचा मोह होणार नाहीं. त्यानें दुसऱ्या हिंवाळ्यांत येऊन काम तपासावें व मगच शेवटचा हप्ता घ्यावा. आणि मालकानें तो हप्ता ठरल्या दिवशीं बिनतक्रार द्यावा. कारण कारागीर गांवांत टिकला तरच कुंपण टिकेल.

यंदाची दिवाळी होतांच प्रत्येकानें आपल्या कुंपणाच्या बुडाशीं एकदां टोचा घालून पाहावा. चुलीकडे निघालेले कित्येक डांब तेवढ्यानेंच परत फिरतील.