परीक्षेनंतरची इंग्रजी

दरवर्षी नोव्हेंबरात दक्षिण कोरियात विद्यापीठप्रवेशाची ‘सुनुंग’ परीक्षा होते, आणि तीतील इंग्रजी श्रवणाचा भाग चालू असताना आवाजाचा व्यत्यय येऊ नये म्हणून सरकारी हुकमाने देशभरातील विमानांचे उड्डाण व अवतरण सुमारे 35 मिनिटे तहकूब केले जाते. परभाषेच्या एका प्रश्नपत्रिकेसाठी जेथे आकाशही थांबविले जाते, तेथील विद्यार्थ्यांच्या परिश्रमांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती ही, की परीक्षेच्या धाकाने जागी झालेली ही ज्ञानेच्छा परीक्षा सरल्यावर कशाच्या आधाराने टिकावी.

इंग्रजीचा अधिकारपदाशी जडलेला संबंध तेथे जुना आहे. 1886 साली राजा कोजोंग याने उमराव घराण्यांतील तरुणांसाठी इंग्रजी शाळा काढली, तीही राज्यकारभाराच्या निकडीपोटी. 1997 पासून हा विषय तिसऱ्या इयत्तेतच आला. ‘हागवोन’ या खाजगी शिकवणीवर्गांत मुले इतक्या उशिरापर्यंत बसू लागली, की सोलमध्ये रात्री 10 ची मर्यादा कायद्याने मुक्रर करावी लागली. पुढे नोकरीच्या अर्जासाठी ‘टोइक’चे गुण लागतात, एका परीक्षेची जागा दुसरी घेते, आणि या अखंड सक्तीलाच समाज चिकाटी समजून बसतो.

तथापि या सक्तीच्या मुळाशी मायाही आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. मुलांच्या इंग्रजीसाठी पत्नीसह त्यांना परदेशी धाडून, स्वतः मायदेशी एकाकी राहून दरमहा पैसे पाठविणारे ‘किरोगी आप्पा’ कोरियात सर्वांच्या परिचयाचे आहेत. अशा पित्याच्या ऋणाची जाणीव मुलाला पुष्कळ काळ अभ्यासाला लावू शकते. पण ऋण फेडण्यासाठी शिकलेल्या भाषेत स्वतःचे असे काही बोलावेसे वाटणे कठीण.

भाषाभ्यासक झोल्तान डोर्न्येई यांनी प्रेरणेचे मूळ शिकणाऱ्याने मनाशी रेखाटलेल्या आपल्याच भावी रूपात शोधले, आणि मला ते पटते. बीटीएस या कोरियन गायकसमूहाचा किम नामजून ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकन मालिका पाहत इंग्रजी शिकला, आणि 2018 साली संयुक्त राष्ट्रांत त्याच भाषेत त्याने तरुणांना स्वतःविषयी बोलण्याचे आवाहन केले. ‘सुनुंग’मध्ये मात्र बोलण्याची कसोटीच नाही, ती घेणारी राष्ट्रीय चाचणी योजिली गेली होती, तीही सरकारने सोडून दिली. नवी परीक्षा नको, परंतु ज्याची गुणपत्रकात नोंद होणार नाही आणि ज्यात चुकण्याचे भय बाळगावे लागणार नाही, असा संभाषणाचा एक तास प्रत्येक शाळेने रोज मुलांना दिलाच पाहिजे.