मांडवाची फुले आणि घरचे हात

तुळशीचे लग्न लागले की जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी तिथी धरल्या जातात आणि मंगल कार्यालयांच्या दारांशी सजावटीचे टेम्पो उभे राहू लागतात. त्यांतून उतरणाऱ्या कमानींतील व भिंतींतील कित्येक फुले कोणत्याही शेतात उगवलेली नसतात. ती प्लास्टिकची वा कापडाची असतात आणि धूळ झटकून एका लग्नातून दुसऱ्या लग्नात उभी केली जातात. कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर झेंडूचा मळा फुललेला असताना हे घडावे, यातील विसंगती आता कोणाला खटकेनाशी झाली आहे. वस्तुतः हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. लग्नापायी होणाऱ्या कर्जाशी आणि फूलशेतीच्या भवितव्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

कुकडी प्रकल्पाचे पाणी शिवारात आल्यापासून या भागाने टोमॅटो, कांदा व द्राक्ष यांच्या जोडीला झेंडू, शेवंती, अष्टर ही पिकेही घेतली. परंतु फूल हा माल थांबणारा नव्हे. दसऱ्याला चढलेला भाव चार दिवसांत कोसळतो आणि तोडणीची मजुरीही सुटत नाही असे दिसले की तीच फुले बांधावर फेकली जातात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत देवळे व कार्यालये एकाच वेळी बंद झाली, तेव्हा कित्येकांना उभी पिके मोडावी लागली. सणाच्या चार दिवसांखेरीज फुलांना गिऱ्हाईक कोण, या प्रश्नाचे एक उत्तर लग्नसराई हे आहे; आणि नेमक्या त्याच ठिकाणी प्लास्टिकने पाय रोवले आहेत. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यांत सजावटीचे थर्मोकोल आहे. प्लास्टिकची फुले मात्र त्या यादीतून निसटली. फूल उत्पादकांना त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. कायदा व्हावयाचा तेव्हा होईल. तोवर यजमानाचे हात कोणी बांधलेले नाहीत.

लग्नखर्चाचा विचार या परिसराला नवा नाही. पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून ज्या गोऱ्हे घराण्याला फुले हे आडनाव मिळाले, त्याच घराण्यातील जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात अल्प खर्चाचा पहिला सत्यशोधक विवाह झाला. पुढे जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी भटजीवाचून लग्न लावले आणि दक्षिणेच्या हक्काचा तो वाद न्यायालयात गेला. रूढी म्हणून माथी येणारा खर्च नाकारता येतो, हे सांगण्याचे धैर्य या मातीत होते. आज दक्षिणेची जागा सजावटीच्या कंत्राटाने घेतली आहे. आणि या नव्या रूढीला तर शास्त्राचाही आधार नाही.

घरची फुले म्हणजे कंजूषपणा, असा एक समज आहे. हिशेब मांडला तर तो टिकत नाही. मोठ्या झेंडूची साधारण शंभर फुले एका किलोत बसतात आणि एक मीटर माळेला पंचवीस ते तीस फुले लागतात. म्हणजे पंचवीस-तीस किलो फुलांत शंभर मीटर माळ होते आणि मांडवाचा दर्शनी भाग त्यात सहज भरतो. पाचसहा जणांची ती एक सायंकाळ आहे. फुले सकाळच्या गारव्यात, दव ओसरल्यावर तोडावीत; ओली फुले रास घालून ठेवली तर काळी पडतात. माळा आदल्या सायंकाळी ओवून ओलसर फडक्याखाली, वारा खेळेल अशा पाटीत ठेवाव्यात. वरमाला गुलछडीची करावी, ती वर्षभर मिळते. मोगऱ्याची कळी सकाळी खुडली तर सायंकाळच्या मुहूर्ताला उमलते आणि केळीच्या सोपटात गुंफलेला तिचा गजरा अधिक काळ ताजा राहतो. हंगामाचे भान मात्र हवे: थंडीत शेवंती, वैशाखात मोगरा. वैशाखात शेवंतीचा हट्ट धरणाऱ्याला स्वस्ताई लाभणार नाही. शेतकऱ्याशी महिनाभर आधी भाव ठरविला तर त्यालाही तोडणीची खात्री राहते.

या विचारावरील खरा आक्षेप वेगळाच आहे. घरचे हात म्हणजे बहुधा बायकांचे हात. स्वयंपाक, रुखवत, पाहुण्यांची सरबराई, आणि वर ही फुले. कंत्राटदार परवडला, असे एखाद्या गृहिणीने म्हटले तर तिला दोष देता येणार नाही. पण मांडवडहाळ्यांची प्रथा येथे आजही ठाऊक आहे. डहाळ्या तोडून, वाजतगाजत आणून मांडवावर घालणे हे पुरुषांचेच काम होते. ज्या भावकीला डहाळ्या आणता येतात, तिला सुईदोरा धरण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. हे काम वाटून घेतले गेले तरच ते काटकसर ठरेल. एरवी तो केवळ एकाचा खर्च दुसऱ्याच्या कष्टांवर ढकलणे होय. सजावटकारांच्या पोटावरही यात पाय येत नाही. कमानी, कनाती व दिवे त्यांच्याकडूनच घ्यावेत. फुले तेवढी शिवारातील असावीत. त्यांनाही ताज्या फुलांचे काम मागणारे यजमान हवेच आहेत.

लग्न साधे करा, हा उपदेश आजवर पुष्कळ झाला. तो फळला नाही, कारण साधेपणा म्हणजे उणीव अशी समजूत दृढ आहे. फुलांच्या बाबतीत ती मोडणे सर्वांत सोपे आहे, कारण येथे स्वस्त तेच ताजे आहे. त्यासाठी आरंभ मात्र ज्याला कर्ज काढण्याची गरज नाही त्याने केला पाहिजे. सधन बागायतदाराच्या मांडवात शेजाऱ्याच्या मळ्यातील झेंडू झुलला, तर अल्पभूधारकाला आपल्या लेकीच्या लग्नात तोच लावताना मान खाली घालावी लागणार नाही. सावकाराच्या वहीतील एक रक्कम त्याने कमी होईल आणि बांधावर पडणारी काही पाट्या फुले मांडवात येतील. एवढे घडले तरी एका लग्नसराईचे चीज होईल.