झुंबरातले दिवे आणि तटावरचा पोरगा

ठाण्याच्या विवियाना मॉलमध्ये ७ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री ‘हर हर महादेव’चा खेळ मध्येच बंद पडला. जितेंद्र आव्हाड आणि त्यांचे कार्यकर्ते थिएटरात शिरले होते. बाजीप्रभू आणि शिवाजी महाराज एकमेकांशी लढताना दाखवले, इतिहासाची मोडतोड केली, असा त्यांचा आक्षेप. त्या गोंधळात एका प्रेक्षकाला मार बसला. मनसेच्या अविनाश जाधवांनी खेळ पुन्हा सुरू करायला लावला. मारहाणीचा आरोप आव्हाडांनी नाकारला. ११ तारखेला त्यांना अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. पुढचे काही दिवस ठाण्यात कोण बरोबर यावर वाद रंगले. तिकीट काढून आलेल्या माणसाने मार का खावा, हा प्रश्न मात्र फार कुणी विचारला नाही.

‘हर हर महादेव’ मराठीबरोबर तमीळसह आणखी चार भाषांत आणला होता. त्याच नोव्हेंबरात महेश मांजरेकरांच्या ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ची घोषणा झाली. महाराजांच्या भूमिकेत अक्षय कुमार. २०२३ च्या दिवाळीत प्रदर्शन, तेही तमीळ आणि तेलुगूसकट. घोषणेच्या मंचावर राज ठाकरे होते आणि तेव्हाचे मुख्यमंत्री, ठाण्याचेच एकनाथ शिंदेही. दक्षिणेच्या बाजारात मराठी अ‍ॅक्शनपट नेण्याची ही हौस मुळीच वाईट नाही. खरं तर तमीळ प्रेक्षक शोधायला चेन्नई गाठायचीही गरज नाही, तो डोंबिवलीच्या लोकलमध्ये शेजारी उभा असतो.

पण दक्षिणेकडून भव्यता उचलताना तिथले धडेही उचलावे लागतात. शंकर यांच्या ‘इंडियन २’च्या चेन्नईजवळच्या सेटवर १९ फेब्रुवारी २०२० ला क्रेन कोसळली आणि तिघे गेले. कमल हासन यांनी निर्मात्या ‘लायका’ला पत्र लिहून सेटवरच्या सुरक्षेबद्दल आणि विम्याबद्दल जाब विचारला. नायकच निर्मात्याला विचारतो, ही गोष्ट आपल्याकडे अजून दुर्मीळ आहे. पुढे करोना, मग दिग्दर्शक आणि निर्माता यांच्यातली कोर्टबाजी असं करत चित्रपट लागला थेट जुलै २०२४ मध्ये. तमीळवाल्यांनी सगळं सुधारलं, असंही नाही. जुलै २०२५ मध्ये पा. रंजित यांच्या चित्रपटासाठी गाडीचा स्टंट करताना एक स्टंट कलाकार दगावलाच.

‘वेडात मराठे’वर आपल्याकडे पहिला गदारोळ उठला तो झुंबरावरून. अक्षय कुमारची झलक आली आणि शिवकाळात विजेचे दिवे कसे, म्हणून सोशल मीडियाने निर्मात्यांना धारेवर धरलं. चूक होतीच, हसण्यासारखीही होती. मग १८ मार्च २०२३ च्या रात्री पन्हाळ्यावर, याच चित्रीकरणाच्या वेळी, घोडे सांभाळायला आणलेला १९ वर्षांचा मुलगा तटावरून खाली पडला. काही दिवस झुंजून तो गेला.

त्या मुलासाठी कुणी मोर्चा काढला नाही आणि कुठला खेळही बंद पाडला नाही. त्याच्या मरणाची बातमी दोन-चार दिवस चालली. झुंबराचे विनोद मात्र अजून फिरतात. २०२३ ची दिवाळी आली, गेली. चित्रपट काही आला नाही. त्याचं काय अडलं याची चर्चा झाली तीसुद्धा नायक कोण आणि पैसा कुणाचा, एवढीच.

महाराजांच्या नावावर भांडणाऱ्या सगळ्याच पक्षांना एक साधं काम करता येईल. पन्हाळा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथे चित्रीकरणाला परवानगी लागते. त्या परवानगीतच लिहून घ्यावं: रात्रीच्या कामाला तटाच्या कडेला तात्पुरता कठडा आणि पुरेसा उजेड, घोडेवाल्यापासून स्पॉटबॉयपर्यंत प्रत्येकाचा विमा, आणि गडाखाली तयार उभी रुग्णवाहिका. पाच भाषांत डबिंग करायला पैसे निघतात, तर हा खर्च त्या हिशेबात कुठेही खपून जाईल.