पेढीवरील पाटी आणि खरा पुरुषार्थ

'पुरुषार्थ' हा शब्द आमच्या पूर्वजांनी फार विचारपूर्वक योजिला आहे. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चार पुरुषार्थ होत. त्यांत आवाज चढविणे, मिशीला पीळ भरणे अथवा मनगटाचा धाक दाखविणे यांपैकी एकाचीही गणना नाही. व्यापाऱ्याचा उद्योग 'अर्थ' या पुरुषार्थात मोडतो आणि तो धर्माच्या मागून येतो, ही क्रमवारीही ध्यानात घेण्याजोगी आहे. परंतु सांप्रत या शब्दाचा अर्थ फारच आकसला आहे. खरा मर्द कोण, याची व्याख्याने तरुण मंडळी मोबाईलवर रात्रंदिवस ऐकत असतात. दंड फुगवावेत, गाडी भरधाव हाकावी, बायकामाणसांना धाकात ठेवावे आणि कोणाचे ऐकून घेऊ नये, एवढ्यातच पुरुषत्वाची परिसीमा झाली असे त्यांस वाटू लागले आहे. व्यायाम अवश्य करावा. आमचा त्यास विरोध नाही. परंतु शरीर हे बारदान होय. आतील माल निराळा तपासावा लागतो.

स्मरणिकेत भाव, कर आणि बाजार समिती यांवरील लेख यावयाचेच. त्या पंक्तीत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्या गुणांवर पेढी चालते त्याच गुणांवर घर व गाव चालते. आणि पेढीवर चोख वागणारा गृहस्थ घरी व सार्वजनिक जीवनात तसाच वागतो काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

धान्याच्या घाऊक व्यापारात पोत्याच्या तोंडाशी लावलेला माल पाहून कोणी सौदा करीत नाही. पोत्याला पोकळ सळई खुपसून मधला दाणा काढतात, तो दाताखाली धरून ओलावा पाहतात, खडा-माती किती ते पाहतात, आणि मग भाव बोलतात. माणसाची परीक्षाही अशीच करावी. एकेकाळी बाजारात रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरत असे. पुढे नियंत्रित बाजार समित्या आल्या, ती रीत बंद होऊन उघड लिलाव आला, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. आता तर सौदे फोनवर होतात. पद्धती बदलल्या तरी एक गोष्ट टिकली, ती म्हणजे शब्द. तुरीचा सौदा आज ठरला, उद्या भाव क्विंटलमागे दोनशे रुपयांनी वधारला, तरी ठरल्या भावाने माल उचलून देणारा तो खरा व्यापारी. अशा माणसाला बाजार उधारी देतो, त्याच्या मुलालाही देतो. आमच्या मते पुरुषत्वाची पहिली कसोटी हीच होय : तोटा दिसत असतानाही दिला शब्द पाळणे.

आता हीच सळई घराच्या व्यवहारात खुपसून पाहू. कर्नाटकात व महाराष्ट्रात १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्त्या होऊन एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना हिस्सा मिळाला. २००५ साली केंद्र सरकारने तीच गोष्ट साऱ्या देशास लागू केली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुलीचा हा हक्क जन्मसिद्ध आहे. २००५ साली वडील हयात होते किंवा नव्हते याने त्यात फरक पडत नाही. आम्हा व्यापारी लोकांना हा कायदाही लागू आहे. तरी वडिलांच्या निधनानंतर महिना लोटतो न लोटतो तोच काही घरांतून बहिणींना बोलावणे जाते. मोटारीतून त्यांना नोंदणी कचेरीत नेतात, हक्कसोडपत्रावर सह्या घेतात, आणि साडीचोळी देऊन परत धाडतात. मिळकत किती, तिची किंमत काय, पेढीचे येणे-देणे किती, हे त्या माउलीस कोणी सांगत नाही. परक्या आडत्याला दिलेला शब्द पै-पैशाने पाळणाऱ्या गृहस्थाने स्वतःच्या बहिणीशी रुमालाखालचा सौदा करावा, यास काय म्हणावे?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, बहिणीच्या लग्नात भरपूर दिले. परंतु हुंडा देणे-घेणे १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे. गुन्ह्याच्या रकमेची हिश्श्यातून वजावट मागणे शोभत नाही. आणि प्रेमाने दिले असेल, तर ते प्रेम होते. आगाऊ उचल नव्हती. दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. हिस्से पडले तर पेढीचे भांडवल फुटेल, असे म्हणतात. भांडवल फुटते हे खरे. परंतु ते भावाभावांच्या भांडणानेही फुटते, आणि त्या भयाने धाकट्या भावाकडून कोणी हक्कसोडपत्र लिहून घेत नाही. बहिणीची रक्कम पेढीत ठेव म्हणून ठेवता येते, तीवर व्याज देता येते, तिला भागीदार करून घेता येते. सर्व हिशेब समोर पाहून एखादी बहीण स्वखुशीने आपला हक्क सोडील, तर ते तिचे औदार्य होय, व भावाने ते मस्तकी धरावे. मात्र औदार्य करणाऱ्यास आपण काय देत आहोत हे ठाऊक असले पाहिजे; एरवी त्यास दान म्हणत नाहीत.

हा अन्याय जन्मापूर्वीच सुरू होतो, हे लिहिताना लेखणी अडखळते. परंतु लिहिणे प्राप्त आहे. २००१ च्या जनगणनेत जैन समाजातील साक्षरता ९४ टक्क्यांहून अधिक भरली; देशातील सर्व धर्मसमूहांत ती सर्वाधिक होती. त्याच जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे आमच्या मुली केवळ ८७० होत्या, तेव्हा देशाची सरासरी ९२७ होती. गर्भलिंग-चाचणीविरुद्ध कायदा १९९४ सालीच झाला होता. मुंगीला जपणाऱ्या, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या समाजाच्या वहीत ही बाकी निघते, तेव्हा हिशेबात कोठे चुकले हे शोधलेच पाहिजे. त्या साली न जन्मलेल्या मुली आज विवाहयोग्य वयाच्या असत्या. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरास अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. २०२३ च्या फेब्रुवारीत मंड्याकडील शेतकरी तरुण वधू मिळावी म्हणून मलेमहादेश्वराच्या डोंगराकडे पायी निघाले. लोक हसले. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. आपल्याही समाजात दुकानावर बसणाऱ्या मुलास स्थळ मिळेनासे झाले आहे, हे प्रत्येक सभासदास ठाऊक आहे. मुली शिकल्या म्हणून त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. ज्या घरात आपल्या शिक्षणाचा उपयोग फक्त पापडाच्या डब्यावर चिठ्ठी चिकटविण्यापुरता होणार, तेथे त्यांनी का यावे?

वस्तुतः उपयोग होत नाही असे नाही. होतो, परंतु त्याचा गवगवा होत नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, आणि १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या वेष्टित व लेबल लावलेल्या धान्यावरही पाच टक्के कर बसला. तेव्हापासून कित्येक पेढ्यांची विवरणपत्रे रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर घरातील सून संगणकावर भरीत असते. दर तिला पाठ, तारखा तिला पाठ. परंतु भागीदारीपत्रात तिचे नाव नाही, आणि पेढीवरील पाटी अजून 'अमुक आणि सन्स' अशीच आहे. नाव नसणे ही लहान गोष्ट नव्हे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीसाठी मतदारयादी करताना सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली. कारण त्यांनी आपले नाव न सांगता 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले होते. तो काळ गेला. मतदारयादीत त्यांची नावे आली. पेढीच्या पाटीवर यावयाची आहेत. वखारीत चाळण घेऊन दिवसभर डाळ निवडणाऱ्या बायांच्या मजुरीचा विचारही यासोबतच व्हावा. पोते उचलणे हे काम, आणि खडे वेचणे हा जणू विरंगुळा, असा भेद हिशेबनीस माणसास शोभत नाही. कारण खडे राहिले तर पोते परत येते.

पुरुषत्वाच्या खोट्या कल्पनेचा जाच स्त्रियांनाच होतो असे नाही. 'पुरुषाने रडू नये, पुरुषाने सांगू नये' या वचनाने किती संसार बुडाले! मंदी येते, माल वखारीत अडकतो, उधारी बुडते. गृहस्थ रात्री घरी येऊन 'सर्व ठीक' म्हणतो आणि पाठ फिरवून निजतो. पत्नीला तोटा कळतो तो वसुलीवाला दाराशी आल्यावर. आणि कधी त्याहूनही भयंकर रीतीने कळतो. सरकारी नोंदींप्रमाणे आपल्या देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहांपैकी सुमारे सात पुरुष असतात. ज्याने तोटा वेळेवर घरात सांगितला, त्यास सल्ला मिळतो, दागिना मिळतो, धीर मिळतो, आणि माणूस वाचतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. परंतु वसतिगृहातील मुलांचे पोट भरण्यासाठी अंगावरील दागिने, मंगळसूत्रासह, लक्ष्मीबाईंनी उतरवून दिले. भाऊरावांचा पुरुषार्थ त्यामुळे उणावला काय? उलट तो उभयतांचा झाला. जो रोजमेळ पत्नीसमोर उघडतो, तोच घराचा खरा धनी होय.

राजकारणासंबंधी दोन शब्द. आमचा वर्ग प्रत्येक उमेदवाराच्या गळ्यात हार घालतो, प्रत्येकास वर्गणी देतो, आणि निवडणुकीनंतर तक्रार करतो. २०२० साली शेतमालाच्या बाजारासंबंधी तीन केंद्रीय कायदे झाले व २०२१ च्या अखेरीस ते मागे घेतले गेले. त्यांच्या बाजूने व विरुद्ध शेतकऱ्यांनी, पुढाऱ्यांनी, पंडितांनी भाषणे केली. आडत्याची बाजू आडत्याने सभ्य शब्दांत, आकडे देऊन मांडलेली क्वचितच ऐकू आली. स्वतःचे नाव खाली लिहून मत मांडावयास जे धैर्य लागते ते निनावी शिवीगाळ पुढे धाडावयास लागत नाही. दगड फेकावयासही लागत नाही. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावनजीक हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले, आणि प्रत्युत्तर म्हणून पुण्यास कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. सीमाप्रश्नावर आपल्या सभासदांची मते निरनिराळी आहेत, व असावीत. परंतु ज्या ड्रायव्हरच्या काचा फुटल्या त्याने कोणतीही सीमा आखली नव्हती. याच बेळगावात १९२४ च्या डिसेंबरात महात्माजींनी काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. ते अध्यक्ष झाले असे ते एकमेव अधिवेशन. हातात दगड न घेता साम्राज्य हलविणाऱ्या त्या कृश पुरुषाहून अधिक मर्द कोण, हे मोबाईलवरील व्याख्यात्यांनी सांगावे.

केवळ उपदेश करून थांबणे व्यापाऱ्यास शोभत नाही. माल पुढे ठेवावा लागतो. म्हणून आम्ही आपल्या मंडळापुढे चार सूचना ठेवितो. पेढीचे काम प्रत्यक्ष पाहणाऱ्या स्त्रियांना मंडळाचे पूर्ण सभासदत्व व मताचा अधिकार द्यावा, आणि कार्यकारिणीत त्यांस स्थान असावे. दुसरे, बहिणीस संपूर्ण हिशेब लेखी दाखविल्यावाचून व तिच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला झाल्यावाचून हक्कसोडपत्र घेणार नाही, अशी प्रतिज्ञा सभासदांनी वार्षिक सभेत करावी. तिसरे, अडचणीत आलेल्या सभासदाचे ऐकून घेण्यासाठी तीन वडीलधाऱ्या गृहस्थांची समिती नेमावी. तिच्याकडे गेलेली गोष्ट बाजारात फुटू नये. चौथे, निवडणुकीच्या वेळी सर्व उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बोलावून बाजाराचे प्रश्न विचारावे, आणि विचारणाराने उभे राहून आपले नाव सांगावे.

यांतील एकाही सूचनेस मोठा खर्च लागत नाही. मनाची तयारी मात्र लागते. पाटी रंगविणारा पेंटर दिवाळीपूर्वी बाजारात फिरतोच. 'सन्स'च्या पुढे आणखी एक शब्द लिहावयाचे तो फार घेणार नाही. पाडव्यास नव्या वह्यांची पूजा होईल, तेव्हा पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिताना घरच्या लेकीसुनांनाही शेजारी बसवावे, आणि मागील वर्षाची बाकी त्यांना वाचून दाखवावी, एवढीच सर्व सभासदांस आमची नम्र विनंती.